फिटरचा अंगठा आणि सुनंदाची नखं

प्रल्हाद शिगवणचं अर्धं आयुष्य कडा गुळगुळीत करण्यात गेलं. सातिवलीच्या एका टूलरूममध्ये तो एकतीस वर्षं फिटर होता. लोखंड कापलं की त्याच्या कडेला बारीक, धारदार सालपटं उभी राहतात. कारखान्यात त्यांना बर म्हणतात. बर राहिली तर कामगाराचा हात कापतो, जोड नीट बसत नाही आणि जॉब, म्हणजे बनवलेला भाग, परत येतो. म्हणून प्रत्येक जॉब हातात घ्यायचा, डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवायचा आणि अंगठा जिथे अडखळेल तिथे कानस चालवायची. प्रल्हादचा अंगठा इतका तयार झाला होता की तपासणीच्या टेबलावरची माणसं म्हणायची, "शिगवणांनी हात फिरवलाय ना? मग मोजायचं कशाला?"

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अंगठा काही निवृत्त झाला नाही. टेबलाची कड, ताटाचा काठ, खिडकीची चौकट, जे समोर येईल त्यावरून तो फिरत राहायचा. वसई पूर्वेला त्यांच्या इमारतीत लिफ्ट नाही. जिन्याचा कठडा दुसऱ्या मजल्यापर्यंतच एवढा गुळगुळीत का, तर काका तिथपर्यंतच राहतात म्हणून, असं समोरच्या दारातला परेश सगळ्यांना सांगायचा. ते अगदीच खोटं नव्हतं.

त्या अंगठ्यानेच घात केला.

त्याच्या बायकोला, सुनंदाला, आजार निघाला तो गणपती गेल्यावर. ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. एकूण सहा द्यायच्या होत्या. जानेवारी उजाडेपर्यंत तीन झाल्या होत्या. केस गेले, तेव्हा तिने डोक्याला ओढणी गुंडाळली आणि म्हणाली, "तेल वाचलं." जिभेची चव गेली, तेव्हा म्हणाली, "तुमचा स्वयंपाक आता बिनधास्त करा." पण तिसऱ्या डोसनंतर नखं काळवंडली, त्यांच्यावर आडव्या रेघा उमटल्या आणि नखांच्या मुळाशी जी पातळ कातडीची किनार असते ती सुकून, उलून, ठिकठिकाणी सुटायला लागली. त्यावर मात्र ती काहीच बोलली नाही. हात पदराखाली घेऊन बसायची.

बाईचे हात होते ते. अठ्ठावीस वर्षं ब्लाउज शिवलेले. आणि त्याच्याही आधी, ही गोष्ट आता फारच थोड्यांना आठवते, गणेशोत्सवातल्या नाटकात काम केलेले. एका वर्षी मंडळाच्या नाटकात तिला एका मुक्या बहिणीची भूमिका होती. एक शब्द बोलायचा नाही. तिसऱ्या अंकात भाऊ घर सोडून जातो आणि ती नुसती दिवा लावते, एवढाच प्रवेश. काडी पेटवायची, वातीला लावायची, दुसऱ्या हाताचा आडोसा करायचा. मैदानात सातशे-आठशे माणूस बसलेलं, शेंगदाणेवाला ओरडायचा थांबला होता. पडद्याची दोरी ओढायला विंगेत उभा असलेला तेवीस वर्षांचा प्रल्हाद दोरी ओढायलाच विसरला. दिग्दर्शकाने त्याला पाठीत गुद्दा घातला तेव्हा कुठे पडदा पडला. पुढे लग्न झाल्यावर तो सांगायचा, "मी हिचं तोंड नंतर पाहिलं. आधी हात पाहिले."

आता साठी ओलांडलेल्या त्या हातांना काम नव्हतं. पाच पावलं चाललं तरी सुनंदाला धाप लागायची. भांडी, कपडे, पेज, औषधांच्या वेळा, सगळं प्रल्हादवर आलं होतं. तोही दमला होता. सकाळी दूध तापवताना उभ्या उभ्या त्याचा डोळा लागायचा आणि उतू गेलेल्या दुधाच्या वासाने उघडायचा. एकुलती मुलगी ज्ञानदा नागपूरला, तिच्या पदरात सात महिन्यांचं मूल. रोज फोनवर विचारायची, "बाबा, येऊ का?" तो रोज म्हणायचा, "तू तिकडचं बघ. इकडे सगळं व्यवस्थित आहे."

पापडीची रोझमेरी ही सुनंदाची जुनी मैत्रीण. तीस वर्षं नर्स होती. तिच्या मुलीच्या चर्चमधल्या कम्युनियनचा फ्रॉक सुनंदाने शिवला, तेव्हापासूनचा घरोबा. नाताळानंतर ती भेटायला आली तेव्हा केळ्यांच्या फणीबरोबर एक हिरवी रेशमी साडी घेऊन आली होती. "फॉल लावायचाय. घाई नाही. ईस्टरला नेसेन," म्हणाली. तिच्या घराशेजारीच फॉल-पिकोचं दुकान आहे हे सुनंदालाही ठाऊक होतं. तरी तिने साडी ठेवून घेतली.

चौथा डोस मंगळवारी होता. त्याच्या आधीच्या बुधवारी दुपारी सुनंदा बाल्कनीत तो फॉल लावत बसली होती.

"शी! परत अडकला."

"काय?" प्रल्हाद आतून म्हणाला.

"रेशीम हो. या बोटांची सालं निघालीत. टाका घालते की धागा ओढला जातोय. साडीची वाट लागायची."

प्रल्हाद हात पुसत बाहेर आला. तिच्यासमोर स्टुलावर बसला, तिचा डावा हात हातात घेतला आणि सवयीने डोळे मिटले. अंगठा एकेका नखाच्या कडेवरून फिरला. चार जागी अडखळला.

महिन्याभरात पहिल्यांदा त्याला काहीतरी असं सापडलं होतं जे त्याला येत होतं. रिपोर्ट त्याला कळत नव्हते, गोळ्यांची नावं तोंडात बसत नव्हती, पेज हटकून पातळ व्हायची. पण कडेला बर आली तर ती कशी काढायची, हे वसईत त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्याने नेलकटर आणलं. माळ्यावरच्या पेटीतून आपली सगळ्यात बारीक कानस काढली, दहा मिनिटं पाण्यात उकळली. चष्मा नाकावर चढवला.

"अहो, दुखतंय."

"झालंच. मुळापासून काढली नाही तर परत येते."

"कातडी आहे ती. पत्रा नाही."

"बघ तू. फिनिशिंग बघ फक्त."

सुनंदा दमली होती. तिने डोकं भिंतीला टेकवलं आणि हात त्याच्या मांडीवर सोडून दिला. त्याने दहाही बोटांच्या नखांच्या मुळाची किनार बारीक कातरत नेली. वर राहिलेलं कानसीने घासलं. शेवटी पुन्हा डोळे मिटून अंगठा फिरवला. कुठेही अडखळला नाही.

त्या दुपारी तिने वीतभर फॉल लावला. धागा एकदाही अडकला नाही. "झकास," ती म्हणाली. प्रल्हाद त्या संध्याकाळी भांडी घासताना चक्क गुणगुणला.

शुक्रवारी तिच्या डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट ठणकायला लागलं. शनिवारी नखाच्या मुळाशी लाल सूज आली. रविवारी तिथे पू दिसला आणि अंगात कणकण. साधं नखुरडं. धडधाकट माणूस त्यावर हळद लावून कामाला लागतो.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी बोट उजेडात धरलं, मग रक्ताचा रिपोर्ट पाहिला.

"आज नाही देता येणार," त्या म्हणाल्या. "पांढऱ्या पेशी आधीच कमी आहेत, त्यात हा जंतुसंसर्ग. गोळ्या आणि मलम देते. पुढच्या मंगळवारी बोट बरं असेल तर सलाईन लावू. एक आठवडा चालेल, पण आणखी लांबवायचं नाहीये मला. कळलं ना?" मग चष्म्यावरून बघत विचारलं, "ही कातडी कुणी कापली?"

प्रल्हादने तोंड उघडलं. पण त्याच्याआधी सुनंदा म्हणाली, "मीच."

परतीच्या रिक्षात दोघं आपापल्या बाजूने बाहेर बघत बसली. हायवेचा सिग्नल आला, सुटला.

"माझं नाव का नाही सांगितलंस?"

"सांगून काय सूज उतरणार होती?"

"पण मी केलं ना."

"माहितीये मला कुणी केलं." तिने हात शालीच्या आत ओढून घेतला.

घरी आल्यावर तिला दोन जिने चढायला पाव तास लागला. मधल्या वळणावर ती पायरीवरच बसली. प्रल्हादने हात पुढे केला, तिने कठडा धरला. वर आल्यावर तो मलमाची ट्यूब घेऊन समोर बसला.

"आण बोट."

"राहू द्या. मी लावते."

"तुला एका हाताने जमणार नाही."

"जमेल."

तिने ट्यूबचं टोपण दातांनी उघडलं. आवाज चढवला नाही, कपाळाला आठी घातली नाही. भांडली असती तर बरं, असं प्रल्हादला वाटलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याला पुष्कळदा पुष्कळ काही सुनावलं होतं, पण हात काढून घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पेज देऊन, परेशच्या बायकोला लक्ष ठेवायला सांगून प्रल्हाद रिक्षाने पापडीला गेला. रोझमेरीच्या दारात नाताळचा तारा अजून टांगलेला होता. ती वाडीत केळीची वाळकी पानं कापत होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काहीही न लपवता. तिने कोयता खाली ठेवला.

"कानस?" ती म्हणाली.

"उकळून घेतली होती."

"उकळून घेतली होती म्हणे! मग काय, मेडल देऊ? शिगवणभाऊ, अहो केमो चालू असलेल्या बाईची कातडी मुळापासून कापलीत तुम्ही. दहाच्या दहा बोटांची! एकाच बोटावर निभावलं, जेजूची कृपा समजा."

"मला वाटलं फालतू कातडी आहे. बर असते तशी."

"ती फालतू नाही. नख आणि बोट यांच्यामधली फट ती बंद करते. घाण आत जाऊ देत नाही. ती काढली की दार उघडं."

प्रल्हाद हळूच खाली, ओट्यावर बसला.

"म्हणजे ऑइल सील," तो म्हणाला.

"ते काय असतं मला ठाऊक नाही."

"मशीनच्या दांड्यावर रबराची बारीक कडी असते. आतलं तेल आत, बाहेरची धूळ बाहेर. तिला टोकदार हत्यार लावायचं नाही. तेलाचा हात लावून, बोटाने हळूच बसवायची." त्याने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. "एकतीस वर्षांत एक सील फाडलं नाही मी, रोझमेरीबाय."

तिला त्याची दया आली असावी. आत जाऊन तिने चहा आणला आणि त्याला नीट समजावून सांगितलं. पाणी कोमट, मनगटावर घेतलं तर कळू नये इतकंच. बोटं पाच मिनिटं बुडवायची, जास्त नाही, फार भिजली की कातडी आणखी फाटते. मऊ, धुतलेल्या सुती कपड्याने टिपायची, घासायची नाहीत. मग प्रत्येक नखाच्या मुळाशी खोबरेलचा एक थेंब, आणि बोटाच्या पोटाने गोल गोल फिरवत किनार मागे न्यायची. जाईल तेवढीच. जबरदस्ती नाही. सुटलेलं साल ओढायचं नाही, दाताने तोडायचं नाही, हिच्या बाबतीत कात्रीही नाही. सुजलेल्या बोटाला यातलं काहीच करायचं नाही, त्याला फक्त डॉक्टरांचं मलम, आणि ते कोरडं ठेवायचं.

"आणि रोज," ती म्हणाली. "एक दिवस करून काही होत नाही. रोज करायचं."

"ती हात देत नाही."

"कशी देईल? मी पण नसता दिला."

संध्याकाळी प्रल्हादने स्टीलच्या वाटीत कोमट पाणी घेतलं, दुसऱ्या वाटीत तेल, जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा इस्त्री करून आणला आणि सगळं ताटात मांडून सुनंदासमोर ठेवलं.

"ही काय पूजा आहे?"

"रोझमेरीने सांगितलंय. उजवा हात दे. उजवा बरा आहे."

सुनंदाने ताटाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "आधी तुमच्या बोटांवर करून दाखवा."

"माझ्या?"

"मग काय माझ्याच बोटांवर शिकणार? तालमीशिवाय एकदा झाला प्रयोग. पुरे."

प्रल्हादने स्वतःची बोटं वाटीत बुडवली. तीस वर्षांच्या कूलंट-तेलाने रापलेली, कडांना चिरा पडलेली, नखांच्या मुळाशी काळी रेघ कायमची बसलेली बोटं. इतक्या वर्षांत त्यांना कुणी कोमट पाणी दाखवलं नव्हतं. पाच मिनिटांनी त्याने ती टिपली आणि तेल घेऊन चोळायला लागला.

"सावकाश. कणीक मळताय का?"

"हळूच करतोय."

"तुमचं हळूच मला माहितीये. अंगठा नको. अंगठा ठेवा बाजूला. करंगळीशेजारच्या बोटाने करा."

तिचं बरोबर होतं. अंगठा कडेवर गेला की लगेच तपासायला लागायचा, कुठे अडतंय ते शोधायला लागायचा. चौथ्या बोटाला कसलीच विद्या नव्हती. ते बापडं सांगाल तसं फिरायचं.

गुरुवारी दुसरी तालीम झाली. दार उघडं होतं, परेश भाजीची पिशवी द्यायला आला तो तसाच उभा राहिला.

"काका, पार्लर काढलं की काय? बोर्ड कधी लावताय?"

"तू बस, तुझं करतो," प्रल्हाद मान वर न करता म्हणाला.

"नको बाबा. काकी, आवरा यांना."

"मी कशाला आवरू?" सुनंदा म्हणाली. "इतकी वर्षं मी बघत आलेय, या माणसाने पहिल्यांदाच स्वतःचे हात धुऊन पुसलेत."

परेश हसत गेला. सुनंदाही हसली, मग खोकली, मग दमून उशीला टेकली. शुक्रवारी ती तालमीच्या मध्येच झोपी गेली. प्रल्हादने एकट्यानेच दहा बोटं पुरी केली, ताट आवरलं. डाव्या बोटाची सूज जरा उतरल्यासारखी दिसत होती. तो वाकून, हात न लावता, बघून गेला.

शनिवारी त्याने वाटी मांडली, स्वतःची बोटं बुडवायला गेला, तर पाण्यात आधीच एक हात होता. सुनंदाचा उजवा.

घड्याळाकडे बघत दोघं पाच मिनिटं बसली. मग त्याने तो हात कापडात घेतला. केवढा हलका झाला होता! टिपताना त्याने श्वासच रोखून धरला.

"घाबरू नका," ती म्हणाली.

"घाबरत नाही."

"मग श्वास घ्या."

चौथ्या बोटाच्या पोटाने त्याने तेल लावलं. कोरडी, पांढरट किनार तेल पिऊन हळूहळू मऊ झाली, कणभर मागे सरकली. जिथे नाही सरकली तिथे त्याने सोडून दिली. एका जागी साल उभं होतं. ते दिसलं, आणि त्याचा अंगठा आपोआप उचलला गेला. सुनंदाचा हात ताठ झाला. प्रल्हादने अंगठा मुठीत दाबून धरला, आणि त्या सालावर फक्त तेलाचा थेंब सोडला.

"राहू दे ते," तो म्हणाला. "आपलं आपण पडेल."

तिने हात सैल सोडला.

रविवारी, सोमवारी तेच. सोमवारी संध्याकाळी तिने मलमाची ट्यूब स्वतःच त्याच्याकडे सरकवली आणि डावं बोट पुढे केलं. पू सुकला होता. नखाच्या मुळाशी थोडी लाली राहिली होती. ती उद्यापर्यंत जाईल का, हे दोघांनाही विचारायचं होतं, पण विचारणार कुणाला?

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी बोट पुन्हा उजेडात धरलं. दाबून पाहिलं. "दुखतं?"

"नाही," सुनंदा म्हणाली, आणि ते खरं होतं.

रिपोर्टचा कागद त्यांनी दोनदा वाचला. प्रल्हाद खुर्चीच्या दांड्यावरून अंगठा फिरवत होता. पुढून मागे, मागून पुढे.

"ठीक आहे. आज देऊ."

त्याचा अंगठा थांबला.

डॉक्टरीणबाईंनी तिची बाकीची बोटं उलटसुलट करून पाहिली. "ही छान ठेवलीत की. कातडी मऊ आहे. पुढच्या डोसना नखं आणखी त्रास देतील, हे असंच चालू ठेवा. कोण करतं?"

"आहे एक कारागीर," सुनंदा म्हणाली. "एक जॉब वाया घालवला त्याने. आता बरा करतो."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. त्या हसल्या आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

सलाईन लागलं. चार तासांचं काम. खोलीत ओळीने खुर्च्या होत्या, प्रत्येकीवर एक दमलेलं माणूस आणि शेजारी स्टुलावर दुसरं दमलेलं माणूस. प्रल्हादने पाण्याची बाटली, बिस्किटं, शाल सगळं हाताशी लावून ठेवलं. मग स्टुलावर बसला. पहाटे चारपासून जागा होता. दहा मिनिटांत त्याची मान छातीवर आली, तोंड उघडं पडलं आणि उजवा हात तिच्या खुर्चीच्या दांड्यावर तसाच राहिला.

सुनंदाच्या डाव्या हाताला सुई होती. उजवा मोकळा होता. थेंब थेंब पडणाऱ्या बाटलीकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिची नजर त्या दांड्यावरच्या हाताकडे गेली. तालमींचं तेल पिऊनही चिरा होत्याच, पण अंगठ्याच्या नखाभोवतीची किनार, एरवी खडखडीत असायची ती, नरम दिसत होती. तिने पदराचं टोक बोटावर घेतलं आणि त्या अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी हलकेच टेकवून फिरवायला लागली. गोल, गोल.

प्रल्हाद दचकला. डोळे अर्धे उघडले. "काय गं? काय झालं? काय करतेस?"

"झोपा हो," सुनंदा म्हणाली. "कापत नाहीये मी."